फोटो शिजून राह्यला

फोटो काढून झाला की ते डावा तळवा समोरच्यांना दाखवायचे आणि म्हणायचे, "हलू नका. शिजून राह्यला."

राजुऱ्याला त्यांचा स्टुडिओ होता, मी तिथे कामाला. सगळे त्यांना भाऊ म्हणत. त्यांचा पहिला डिजिटल कॅमेरा तुम्ही पाहिला असता, तर त्या तळव्याचं कारण कळलं असतं. बटण दाबलं की मागचा लाल दिवा लुकलुकत राही, आणि तो विझेपर्यंत दुसरा फोटो निघत नसे. आत प्रोसेसर नावाची बारकी चिप असते. भिंगातून आलेला उजेड म्हणजे नुसते तांदूळ; रंग भरणं, अंधारात फोटोवर उठणारे खरखरीत दाणे काढणं, त्याचा फोटो करणं हे त्या चिपचं काम. भाऊ गिऱ्हाइकांना असंच समजावत. चूल मंद होती, एवढंच.

मंद चुलीचा त्यांना फायदाही होता. झाला फोटो, म्हणून माणसं श्वास सोडत, नवरदेवाच्या बापाचं आवरलेलं पोट पुन्हा बाहेर येई. दिवा विझताच भाऊ दुसरा फोटो काढत. अल्बममध्ये तोच लागे.

पुढचे कॅमेरे भराभर शिजवू लागले. बोट उचलायच्या आत फोटो तयार. तरी भाऊंचा तळवा वर जायचाच. दिवा केव्हाच विझला, असं मी म्हणालो, तर म्हणाले, "लोकं अजून शिजून राह्यले ना बे."

शेवटचा कॅमेरा आला तो स्वतःच चेहरे ओळखणारा, डोळे शोधणारा. ऊर्जानगरच्या एका लग्नात नवरीच्या मावशीने मुरुमांवरून कुरकुर केली, तेव्हा मी त्यातली डाग पुसून कातडी मऊ करायची सोय चालू केली. मग ती चालूच ठेवली. लोक खूश होते. भाऊंना असलं आवडत नसे, म्हणून त्यांना सांगितलं नाही.

थोड्याच दिवसांत भाऊंना चेहऱ्यांवरचे तीळ, सुरकुत्या दिसेनात, ते प्रिंट खिडकीपाशी नेऊन बघू लागले. चष्मा बदलला. फरक पडेना. एकदा त्यांनी कॅमेरा माझ्या गळ्यात घातला. "चेहरे तूच घेत जा. माहे डोळे गेले." तेव्हापासून ते लाइट धरायचे, मी फोटो काढायचो. सांगायची वेळ तीच होती. पण आधी का सांगितलं नाही, तेही सांगावं लागलं असतं. मी गप्प राहिलो. स्टुडिओ विकायच्या गोष्टी निघाल्या, तरी गप्प.

मग जिवतीच्या डोंगरातली एक गोंड आजी बाजाराच्या दिवशी फोटो काढायला आली. घरच्यांचे सगळे फोटो भाऊंनी काढलेले, म्हणून ती त्यांच्याशिवाय कुणासमोर बसेना. भाऊंनी नाइलाजाने काढला. पुढच्या बाजाराला ती प्रिंट न्यायला आली. बराच वेळ पाहत राहिली, मग कपाळाला हात लावला, हनुवटीला लावला.

"माहं गोंदण कुठी गेलं? मेल्यावर तेवढंच संगं येते."

फोटोत कपाळ कोरं होतं, हनुवटीही. यंत्राने गोंदणाला डाग समजून पुसलं होतं. भाऊ हात जोडून उठले. "चूक माही हाय, माय. मले दिसत नाई आता."

तेवढं मात्र माझ्याने ऐकवलं नाही. सोय मी चालू केली, कधीपासून आणि का, ते सगळं त्या आजीच्या देखत सांगून टाकलं. भाऊ शिव्या देतील, असं वाटत होतं.

"म्हणजे माहे डोळे ठीक हायत?" एवढंच त्यांनी विचारलं. मी होकाराची मान हलवली. ते खुर्चीवर बसले आणि हसू लागले. मला ते हसणं शिव्यांपेक्षा जड गेलं. आधीच्या प्रिंटमधून गोंदण परत आणता येईल का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "भाताचे तांदूळ होतेत काय बे? जुना कॅमेरा काढ."

लाल दिवा लुकलुकू लागला. तळवा वर गेला. "हलू नका, माय. शिजून राह्यला."

"भात हाय काय?" आजी म्हणाली आणि हसली. दिवा विझला. दुसरा फोटो निघाला. त्यात गोंदणाचा ठिपका न् ठिपका होता.

त्याच दिवशी, त्याच कॅमेऱ्याने मी भाऊंचा एक फोटो काढला. बटण दाबताना सवयीने त्यांचा हात वर आला. आता ते नाहीत, आणि स्टुडिओत हार त्याच फोटोला आहे. अर्धा चेहरा तळव्याआड गेलाय. दुसरा चांगला नव्हता का, असं गिऱ्हाइकं विचारतात. दुसरा मी काढलाच नाही. दिवा विझेपर्यंत भाऊ आजीला पोचवायला बसस्टँडकडे निघाले होते.

तळव्यावरच्या रेषा मात्र सगळ्या दिसतात.