सरुबाईंचा दचकणारा ट्रॅक्टर

तिकोणा पेठेत सरुबाईंना ओळखत नाही असा माणूस नाही, आणि त्यांच्या तोंडी लागायची हौस असलेलाही कुणी नाही. नवरा माऊली नवलाख उंबरे गावातल्या कंपनीत. सकाळी जातो, संध्याकाळी येतो आणि बोलायचं काम बायकोवर सोडून देतो. त्यामुळे भाताची चार खाचरं, तीन म्हशी आणि घरचा कारभार तीस वर्षं सरुबाईच ओढतात. त्यांच्या हाती आलं नव्हतं ते एकच, ट्रॅक्टरचं स्टिअरिंग. ट्रॅक्टर दोन्ही भावांचा, पण किल्ली धाकट्या दिराच्या, अंबाजींच्या खिशात.

मग घरात लॅपटॉप उरला. मुलगी पिंकी पुण्यात नोकरीला लागली, तिला कंपनीने नवा दिला, आणि गेम खेळायला हौसेने घेतलेला जुना गावी आला. त्यात शेतीचा एक खेळ होता. सरुबाईंनी त्यात ट्रॅक्टर पाहिला आणि बसल्या त्या बसल्याच. दिवसभर शेतात राबलेली बाई दिवेलागणीला पुन्हा शेतच करते, ह्याला काय म्हणावं? वेड म्हणावं, आणि ते त्यांना झकास चढलं. चार महिन्यांत पडद्यावर त्यांची दोनशे एकर जमीन झाली.

जमीनदारीण झाल्यावर तोंड गप्प बसतंय होय? लावणीआधी पाण्याने भरलेलं खाचर ट्रॅक्टरने घुसळतात, ती चिखलणी यंदा आपण करणार, असं त्यांनी जाहीर केलं. अंबाजी पोट धरून हसले आणि ट्रॅक्टर म्हणजे खेळ नव्हे, म्हणाले. मग खेळात तरी हरवून दाखवा, असं सरुबाईंनी सुनावलं. पैज ठरली. रविवारी सकाळी दोघांनी त्या खेळात एकेक एकर नांगरायचं. ज्याचं तास, म्हणजे नांगराची रेघ, सरळ, त्याची चिखलणी.

गुरुवारी अंबाजी सरावाला आले. पडद्यावरचा ट्रॅक्टर जरा चाले, दचके, थबके आणि एकदम उडी मारल्यासारखा पुढे जाई. तिसऱ्या वळणाला अंबाजी नांगरासकट कालव्यात. सरुबाईंना मात्र त्या दचक्यांची सवय होती. त्या वळण यायच्या आधीच चाक फिरवून ठेवत. त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. अंबाजी उठले.

"वैनी, ह्या डब्यात मी हरलो तर डबा हरला, मी न्हाई."

सरुबाई गप्प राहिल्या असत्या तर रविवारी डोळे झाकून जिंकल्या असत्या. पण दीर गावभर डब्याचंच नाव सांगत फिरणार आणि किल्ली खिशातच ठेवणार, हे त्या ओळखून होत्या. तेव्हा डबा दुरुस्त व्हायलाच हवा होता. लॅपटॉप खालून तापतो म्हणून त्यांनी त्याच्याखालची गोधडी काढली, पाट दिला, टेबलफॅन लावला. अंबाजींच्या बायको नंदाबाई धावत आल्या आणि मीठमिरच्यांनी त्याची दृष्ट काढून गेल्या. मिरच्यांनी सगळं घर खोकलं, ट्रॅक्टर आपला दचकतच होता.

शुक्रवारी पिंकीला व्हिडिओ कॉल लावला. तिने इथं दाब, तिथं दाखव करत दुखणं शोधलं. ह्या लॅपटॉपमध्ये चित्र काढणारे दोघं आहेत, तिने सांगितलं. एक लहान, वीज कमी खाणारा, लिहिण्यावाचण्यापुरता. दुसरं मोठं ग्राफिक्स कार्ड, खास खेळासाठी. आणि आईचा सगळा खेळ चालला होता त्या लहानाच्या जिवावर.

"म्हंजी धाकटी जाऊ राबती आन् थोरली निजलीया," सरुबाई म्हणाल्या.

शेजारी बसलेल्या धाकट्या जाऊबाई, नंदाबाई, ह्याच घरातली गोष्ट दिसतीया, एवढंच पुटपुटल्या.

थोरलीला निजवलं कुणी? सरुबाईंनीच. चार्जिंगला लावून बोललं की मोबाईल फुटतो, असं त्यांनी ऐकलेलं. हा तर केवढा मोठा! म्हणून खेळायला बसताना त्या आधी चार्जर उपटून ठेवत. शिवाय एकदा पडद्याने काहीतरी विचारलं, तेव्हा त्यांनी वीज वाचवायचं बटण दाबलं होतं. म्हशीची धार झाल्याबरोबर गोठ्यातला बल्ब बंद करणारी बाई दुसरं काय दाबणार? पिंकीने कपाळाला हात लावला. चार्जर लागला, सेटिंगमध्ये ग्राफिक्सची यादी उघडली, खेळाच्या नावापुढे 'हाय परफॉर्मन्स' निवडलं, खेळ बंद करून पुन्हा चालू केला.

आणि काय सांगावं! गवताची पातीन्‌पाती हलायला लागली, कालव्याचं पाणी चमकलं, ट्रॅक्टर लोण्यातून सुरी जावी तसा निघाला. सरुबाई आनंदाने अशा किंचाळल्या की गोठ्यात म्हैस बिचकली. पहिलं वळण आलं, त्यांनी सवयीने आधीच चाक फिरवलं आणि त्या थेट कालव्यात गेल्या. पुन्हा गेल्या. पाच वेळा गेल्या. नंदाबाई हसून हसून जमिनीवर आडव्या.

रविवारी अंबाजींनी दोरी धरल्यागत एकर नांगरलं. सरुबाई शेवटच्या वळणाला बुडाल्या. आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता. त्यांना फार वाईट वाटलं, आणि चार दिवस त्या लॅपटॉपकडे फिरकल्या नाहीत.

फिरकले ते अंबाजी. आधी नुसतं डबा तापतो का बघायला, मग रोज दुपारी, मग चहा मागवून. आषाढात खाचरं भरली, लावणीला बायका दुसऱ्या दिवशी यायच्या होत्या, चिखलणी अजून तशीच राहिलेली, आणि हा गृहस्थ पडद्यासमोर गहू कापत बसलेला. सरुबाईंनी दारातून तीनदा हाक मारली.

"एवढी कापणी उरकू द्या वैनी, आभाळ आलंय," अंबाजी पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. बाहेर खरा पाऊस पत्रे बडवत होता.

किल्ली बसताना टोचते म्हणून त्यांनी ती लॅपटॉपशेजारीच ठेवली होती. सरुबाईंनी ती उचलली.

खरा ट्रॅक्टर त्यांनी आजवर नुसता पाहून पाठ केला होता, चालवला कधीच नव्हता. भीतीने की आनंदाने कोण जाणे, त्या एकट्याच मोठमोठ्याने हसत होत्या. चिखलाने साडी माखली. तिसऱ्या फेरीला अंबाजी अनवाणी धावत बांधावर आले. आता हे आपल्याला खाली उतरवणार, सरुबाईंना वाटलं. तीस वर्षं ट्रॅक्टरजवळ गेल्यावर त्यांनी दिराकडून एकच शब्द ऐकला होता: सरका.

अंबाजींनी खाचर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मग तोंडाशी हात धरून ओरडले,

"वैनी, कडंला पयल्या गेरात घ्या, चाक रुततं तितं."

सरुबाईंनी मान हलवली आणि गेर बदलला.