फेब्रुवारीतली आग

जर्मनीत वोल्फ्सबुर्गला मोटारींच्या कारखान्यात होतो, तेव्हा शनिवारी गावाबाहेरच्या हायडेवर फिरायला जायचो. हायडे म्हणजे जांभळ्या फुलांच्या बुटक्या झुडपांचा माळ.

एका फेब्रुवारीत तिथे धूर दिसला. मी पाण्याची बाटली उघडून "फॉयर! फॉयर!" असं ओरडत धावलो. समोर सत्तरीची एक बाई, हातात आग झोडपायचा लांब दांडा. मागे बंबवाले निवांत कॉफी पीत होते. आग तिनेच लावली होती.

"झुडपांत गवत घुसलंय," ती म्हणाली. "आज मी जाळलं नाही, तर ऑगस्टमध्ये ते वाळून पेटेल आणि अख्खा माळ घेऊन जाईल."

"पण उन्हाळ्यात किती हिरवंगार दिसतं!" मी म्हणालो. दुष्काळी तालुक्यात वाढलेला मी. हिरवं दिसलं की मला बरंच वाटतं.

"गेनाऊ, अगदी बरोबर. तिथेच सगळे फसतात."

तिने वाकून गवताचा एक झुबका उपटला, बुटावर आपटून माती झाडली आणि मुळं आभाळाकडे करून ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. माझ्याकडे तिने पुन्हा पाहिलंच नाही. नाव विचारायचं राहूनच गेलं.

तीन वर्षांनी ऑगस्टमध्ये गेलो. जळलेला पट्टा जांभळा झाला होता आणि ती त्यात गुडघे टेकून गवतच उपटत होती.

"किती सुंदर!" मी कॅमेरा काढत म्हणालो.

तिने मान वर न करता माझ्या बुटाकडे बोट दाखवलं. तिथे गवताचा कोवळा कोंब होता.

मी कॅमेरा खिशात टाकला आणि खाली बसलो.