नवऱ्याच्या तोंडी घातलेला शब्द

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. सख्ख्या बहिणीजवळ नाही, आणि देवापुढेही नाही — देवापुढे मी तशी फार वेळ बसतच नाही, कामं पडलेली असतात. तुम्हांला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखणाऱ्यांना सांगणं जमलं असतं, तर लिहायला कशाला बसले असते?

नेरळात मला ओळखणारी माणसं माझ्याबद्दल एकच गोष्ट सांगतात. नवरा गेला तरी या बाईनं घर फुटू दिलं नाही, दिराला धरून राहिली, आणि दीरही तिला आईच्या जागी मानतो. बायका हे माझ्या तोंडावर म्हणतात. मी भाजी निवडत असते, ती निवडत राहते. त्यांना काय सांगणार?

दीर म्हणजे दौलत. नवऱ्याचं नाव गणपत. जिवंत होते तोवर हे नाव मी तोंडानं घेतलं नाही, आता लिहायला हरकत नाही. गाव डोंगराच्या पायथ्याशी, थोडी भातशेती, आणि पोट मात्र वर माथेरानला. हे तिथल्या एका क्लबात मार्कर होते, हंगामात राहायला क्लबाचीच एक खोली.

मार्कर म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. क्लबात टेनिस खेळायला येणाऱ्या साहेबांना दर वेळी जोडीदार मिळतोच असं नाही. तेव्हा क्लबाचा पगारी माणूस समोर उभा राहतो. तो मार्कर. साहेबाला शिकवायचं, खेळवायचं, त्याच्या रॅकेटवर नीट येईल असा चेंडू द्यायचा. घाम निघेल इतकं पळवायचं, धाप लागेल इतकं नाही. आणि शेवटी हरायचं — साहेबाला कळणार नाही अशा बेतानं हरायचं. हे फार अवघड काम आहे. आमचे हे त्यात वाकबगार होते. साहेब खुशीत बंगल्याकडे जायचा आणि हे कोर्टाच्या कडेला बसून चेंडूंची लाल माती पुसायचे. त्यांना त्याचं कधी वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही. शेतात राबणाऱ्याला भात दुसऱ्याच्या कणगीत गेल्याचं जेवढं वाटतं, तेवढंच.

दौलतला हरता यायचं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा तो चड्डीत होता, कोर्टावर चेंडू वेचायचा. मोठ्या भावाच्या मोडक्या रॅकेटनं भिंतीवर मारत मारत शिकला. मी खालापूरकडच्या एका मास्तरांची मुलगी, चार बुकं वाचलेली. पण खेळातलं मला ओ की ठो कळत नसे. क्लबाच्या फाटक्या जाळ्या सांधायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून कोर्टाजवळ बसणं व्हायचं. आणि मलासुद्धा एवढं कळायचं, की दौलतचा चेंडू वेगळ्या आवाजानं जातो.

मी मुद्द्यावर येत नाही, हे माझ्याही लक्षात येतंय. येते.

लढाई सुरू झाली त्या सुमारास ह्यांना हिवताप झाला. गेला, पुन्हा आला. कर्जतच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि सांगितलं, पळायचं काम बंद. मार्करनं पळायचं नाही म्हणजे काय करायचं? हंगाम तर तोंडावर आलेला. तेव्हा आमच्याकडे जे घडतं तेच घडलं — भावाच्या जागी भाऊ उभा राहिला. नाव गणपतचं, पगार गणपतच्या हातात, खेळायचं दौलतनं. त्याला पगार कोण देणार आणि तो मागणार तरी कसा? घरचंच काम. जेवायला एकाच चुलीवरचं होतं. क्लबालाही चाललं. साहेब लोकांना मार्कर हवा होता, त्याचं नाव काय याच्याशी कुणाला काय?

त्यातच मुंबईचे एक वकील दर हंगामाला यायचे. त्यांनी दौलतचा खेळ पाहिला आणि एका गोऱ्या कप्तानाशी त्याला खेळायला लावलं — खरं खेळायला. कप्तान क्लबातला सगळ्यांत तगडा. मी कडेला जाळी घेऊन बसले होते. दौलतनं त्याला असा पळवला की माणूस खांब धरून उभा राहिला. व्हरांड्यात बसलेली साहेब मंडळी आधी हसली, मग उठून कठड्याशी आली. मला आनंद झाला का? खरं सांगते — मला भीती वाटली. आता कप्तान तक्रार करणार आणि आमची खोली जाणार, एवढंच डोक्यात आलं. कप्तानानं मात्र येऊन त्याच्या पाठीवर थाप मारली.

वकीलसाहेबांनी ठरवलं, की या पोराला मुंबईच्या मोठ्या टूर्नामेंटमध्ये उतरवायचं. आपल्या घरी ठेवून घ्यायचं, वर्षभर खेळवायचं. अडचण एकच. ती टूर्नामेंट हौशी लोकांची. ज्यानं खेळण्याचा पगार घेतला तो पगारी. त्याला तिथे पाय ठेवता येत नाही — नुसता त्या वर्षी नाही, कधीच नाही. दौलतनं हे मला चुलीपाशी बसून समजावून सांगितलं होतं.

"वैनी, एकदा का पगारी म्हनून नाव लागलं ना, मेलो मी. मग जन्मभर सायबांचे चेंडू वेचायचे."

म्हणून तो बक्षिशीसुद्धा घेत नसे. साहेबानं नाणं पुढे केलं की हात जोडून मागे सरायचा. एकदा मी चिडून म्हटलं, "राजाचा लेक लागून गेलास का रं? घरात गूळ नाही." तो हसला. म्हणाला, "राजा झालो की गुळाची गाडीच आनतो तुला." असा होता.

नाव क्लबानं पाठवायचं होतं, आणि क्लबाच्या कमिटीत कुणीतरी शंका काढली, की हा पोऱ्या हंगामभर मार्करच्या जागी खेळला, म्हणजे पगारीच. वकील म्हणाले, नाही, पगार भावाचा आहे, भावालाच विचारा. गणपत मार्कर खोटं बोलणार नाही, यावर सगळ्यांचं एकमत झालं. तो सांगेल ते खरं धरायचं, असं ठरलं.

क्लबाचा सेक्रेटरी विचारायला आला तेव्हा ऊन चढलं होतं. म्हातारा पारशी, बरा माणूस. मी आमच्या खोलीबाहेर जाळी पसरून गाठी मारत होते. "गणपत कुठे हाय?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, ताप चढलाय, झोपलेत. त्यानं काय विचारायचं ते सांगितलं. "हो की नाही, एवढंच पाहिजे, बाई. दौलत पैसा घेते काय?"

"विचारून येते," मी म्हटलं.

आत गेले. हे भिंतीकडे तोंड करून झोपले होते, घोंगडी अंगावर, श्वास जड. मी त्यांच्या उशाशी उभी राहिले. हात लावून हलवलं असतं तर ते जागे झाले असते. काय म्हणाले असते तेही मला पक्कं ठाऊक होतं — "नाय. एक पैपन नाय." आणि ते अशा आवाजात म्हणाले असते, की बाहेर सेक्रेटरीला ऐकू गेलं असतं.

मी त्यांना उठवलं नाही. बाहेर आले आणि म्हटलं, "हे म्हणतात, घेतो. दौलत पगार घेतो."

"नक्की?"

"ह्यांनीच सांगितलं."

म्हातारा "बरं" म्हणून निघून गेला. मी खाली बसले आणि अर्धी राहिलेली गाठ पुरी केली.

झालं. हे ते.

का केलं? तुम्ही विचारणारच. दौलत गेला की क्लब नवा मार्कर आणणार, खोली त्याला देणार, आजारी माणसाला घेऊन मी डोंगर उतरणार — हे सगळं खरं होतं. पण एक गोष्ट राहिली. वकीलसाहेब म्हणाले होते, की हंगाम संपेपर्यंत खोली राहील असं मी बघतो, आणि गणपतला दाराशी बसून करायचं काम देववतो. दौलतनं ते मला सांगितलं होतं. म्हणजे पोटाचं कारण पुरं पडत नाही. मग काय होतं? मला त्याचा राग यायचा. ते परत केलेलं नाणं मला सहन होत नव्हतं. घरात एकानं हात स्वच्छ ठेवावेत आणि ते परवडावं म्हणून दुसरीनं डांबर लावलेल्या सुतळीनं बोटं सोलून घ्यावीत — असं काहीतरी मनात होतं. त्या वेळी मला ते नीट कळलं होतं का? कळलं होतं, असंच मला वाटतं.

दौलतचं नाव कापलं गेलं. गणपतचा शब्द म्हटल्यावर वकीलसाहेबांनीही पुढे चौकशी केली नाही. दुपारी तो आला, दारातच उभा राहिला.

"वैनी, दादानं सांगितलं सायबाला?"

"आधी जेव रं."

"दादानंच?"

मी त्याच्या ताटात भात वाढला. नाही म्हटलं नाही. हो म्हणायची गरजच पडली नाही.

त्यानं भावाला जाब विचारला असता तर सगळं तिथेच उघडं पडलं असतं. पण आमच्याकडे धाकटा थोरल्याला जाब विचारत नाही. मी त्याच भरवशावर होते. तो विचारायचा नाही, फक्त बोलणं टाकेल, हे मी त्याला भात वाढतानाच ओळखलं होतं. आणि तसंच झालं. औषध आणून द्यायचा, पगार आणून उशाशी ठेवायचा, भावाला आंघोळीला धरून न्यायचा — तोंडातून शब्द नाही. ह्यांना वाटलं, मार्करचा भाऊ म्हणून कमिटीनं नाकारलं, त्या दुःखात पोरगा गप्प झालाय. पण किती दिवस तसं वाटणार?

"दौलत माझ्याशी बोलत का नाय गं? मी काय केलं त्याचं?"

"मनाला लावून घेतलंय. बोलेल," मी म्हणायचे.

पुढच्या हंगामापासून दौलतचं नाव मार्कर म्हणून रीतसर लागलं. आणि तो हरायला शिकला. भावापेक्षा चांगलं शिकला. ते मी जाळ्या सांधता सांधता पाहिलं. एक पोट सुटलेला व्यापारी होता, त्याला धड पळताही यायचं नाही. दौलत त्याच्या रॅकेटवर चेंडू आणून ठेवायचा, जसं आजाऱ्याच्या तोंडात चमच्यानं पेज घालावी. शेवटचा चेंडू त्यानं मुद्दाम जाळीत घातला. व्यापाऱ्याच्या मित्रांनी टाळ्या वाजवल्या. "काय मारलात, शेट! आपल्याला दिसलाच नाय," दौलत म्हणाला. मग माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाला, "दादा खरंच बोलला हुता बघ, वैनी. पगार घेतोच की मी."

मी तेव्हा बोलू शकत होते. हे जिवंत होते.

ह्यांचं शेवटचं दुखणं पायथ्याच्या घरी झालं. त्यांनी दौलतला बोलावणं पाठवलं. तो वरून चालत उतरला, उंबऱ्याच्या आत आला नाही. दारातून भावाकडे बघत उभा राहिला. ह्यांनी हात जरासा उचलला. मला वाटतं त्यांना विचारायचंच होतं — की काय रं, माझं काय चुकलं? जीभ वळली नाही. मी दोघांच्या मधे उभी होते, हातात पाण्याचा तांब्या. माझी जीभ तर वळत होती ना? दौलत म्हणाला, "सायेब खोळंबलेत," आणि गेला. त्याच्यामागून दोन दिवसांनी हे गेले. आग त्यानंच दिली. रडला नाही.

गोरे साहेब आता गेले. क्लब उतरणीला लागलाय, तरी दौलत आहे. गुडघा दुखतो, तरी मुंबईच्या शेटांच्या मुलांना शिकवतो. लोक म्हणतात, डोंगरावर असा मार्कर झाला नाही. पुढे तो कुठवर गेला असता, हे मला माहीत नाही. कदाचित पहिल्याच फेरीत हरला असता. पण ते हरणं त्याचं स्वतःचं असतं.

अलीकडेच त्याला मुलगा झाला. बारशाला सगळं गाव जमलं होतं. आमच्यात घरातल्या गेलेल्या माणसाचं नाव पोराला ठेवतात. म्हाताऱ्या बायकांनी न विचारताच ठरवून टाकलं, की हा गणपत. दौलत पुढे झाला. म्हणाला, "दुसरं कायपन ठेवा. त्याचं नको." बायका चपापल्या. त्याची बायको खाली बघू लागली. एक म्हातारी म्हणाली, "अरं, सख्खा भाऊ हुता ना तुजा? काय वैर हुतं?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं — मला ठाऊक आहे म्हणून, मी त्याच्या बाजूची आहे म्हणून. म्हातारीही माझ्याकडे वळली. "तू थोरली. तूच सांग, बाई, काय ठेवायचं?"

सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी म्हटलं, "बापाच्या मनासारखं होऊ द्या."

पोराचं नाव दुसरं ठेवलं. मी घुगऱ्या वाटल्या.