संजीवनीची न सांडणारी वाटी

शेजारणींवर इतकं चिडायची वेळ संजीवनीवर याआधी कधी आली नव्हती. आणि चिडून तरी करणार काय? सगळ्या तिच्या भल्याचंच बघत होत्या.

ती मूळची वैशाखरेची, लग्न होऊन खर्डीला आलेली. साचे बनवण्याचा डिप्लोमा करून आटगावच्या एका सिलिकॉनच्या कारखान्यात लागली. लहान मुलांच्या वाटीची कल्पना तिचीच. बूड जमिनीला घट्ट चिकटणारं, काठ आत वळलेला. पोरानं ढकलली, ओढली, तरी वरणभात आतल्या आत. बूड सोडवायला आईच्या बोटात येईल अशी एक छोटी जीभ बुडाच्या कडेला काढलेली. मालक किशोर सरांना वाटी आवडली. "घरोघरी देऊन बघा. सोमवारी पोलादात साचा कापायला घेऊ. एकदा कापला की मग बदल नाही," ते म्हणाले. म्हणजे खोट राहिली तर प्रत्येक वाटीत राहणार, आणि बोलणी संजीवनीला बसणार.

तिने नमुन्याच्या वाट्या गावात वाटल्या. आठवडाभराने सगळीकडून एकच उत्तर आलं, "नाय गो, एक थेंब नाय सांडला."

दीड वर्षाची पोरं आणि एक थेंब नाही? संजीवनीचा विश्वास बसेना. शनिवारी रजा टाकून ती स्वतःच फिरायला निघाली.

गीताबाईंच्या घरी वाटी फळीवर होती, पिशवीतून बाहेरही न काढलेली.

"पाव्हनं आलं की काढू म्हनून ठेवलीय. नवी वस्तू पोराच्या हातात कशी द्यायाची?"

"मग मावशी, सांडलं नाही असं का सांगितलंत?"

"मग सांडलं कुठं?" गीताबाई म्हणाल्या.

सारिकाकडे वाटी सारिकाच्याच डाव्या हातात होती. पोर मांडीवर, आणि उजव्या हाताने घास भरवणं चाललेलं. योगिनीकडे ती सारवलेल्या ओटीवर चिकटलीच नव्हती, पोराने पहिल्याच दिवशी पालथी घातली होती. पण ते योगिनीने लपवून ठेवलेलं. "तुज्या नोकरीचा सवाल, आमी कशाला वाकडं बोलू?" संजीवनीला रडावं की ओरडावं कळेना. अशी मायेची माणसं असल्यावर वैरी कशाला हवेत!

आता उरली होती घरची चिमी, तिची स्वतःची दीड वर्षाची लेक. पण चिमीला आजवर सगळे घास सासूने, म्हणजे सकुबाईने भरवलेले. रविवारी संजीवनीने फरशीवर वाटी दाबून बसवली, वरणभात वाढला आणि सासूला म्हणाली, "आई, आज तिला हात लावायचा नाही. तिच्या हाताने खाऊ दे."

"घरात मानसं असताना पोरीनं आपल्या हातानं खावं? पोरकी हाय का ती?"

"आई, फक्त आजच्या दिवस!"

सकुबाई तोंड फिरवून बसली. चिमीने वाटीकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं, आ केला आणि तशीच बसून राहिली. घास येईना. मग भोकाड. सकुबाईचा हात दोनदा पुढे आला, दोन्ही वेळा संजीवनीने धरला. शेवटी चिमीने रडत रडतच वाटी ढकलली. हलली नाही. ओढली. हलली नाही. संजीवनीच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात चिमीच्या बोटाला ती जीभ लागली. नवं खेळणं मिळाल्यासारखं तिने ती चिमटीत धरून वर ओढली. पट्‌ आवाज झाला आणि सगळा वरणभात फरशीवर, फ्रॉकवर, संजीवनीच्या मांडीवर. चिमी टाळ्या पिटू लागली.

आईच्या बोटांसाठी म्हणून काढलेली जीभ पोरीच्या बोटात बरोब्बर बसली होती, आणि एवढी साधी गोष्ट आपल्याला सुचली नाही, याचा संजीवनीला भयंकर संताप आला.

सकुबाई मात्र उठली होती. दाराकडे एक नजर टाकून तिने लगबगीने पदरानेच फरशी पुसायला घेतली. सुनेच्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "कोनी बगितला नाय. सांग सायबाला, नाय सांडला म्हनून. मी काय बोलनार नाय."

संजीवनीने तिच्या वरणाने माखलेल्या पदराकडे पाहिलं. जेवढी माया वाटली, तेवढीच चीडही आली. तिने फोन उचलला.

"सर, उद्या साचा कापू नका. सांडलं."

मागे सकुबाईने कपाळावर हात मारून घेतला.