मदतनीस नव्हे, वाइंडर

माझी मावशी बावीस वर्षं जळालेल्या मोटारींना नव्यानं तार भरत होती. लिफ्टची मोटार, पंपाची, करवतीची. लोक आणून टाकायचे आणि ‘बघा काही होतंय का’ म्हणायचे. हे काम तिला सासऱ्यांनी शिकवलं. शाळा आठवीतच सुटली होती, त्यामुळे दाखवायला प्रमाणपत्र म्हणून काही नव्हतं. वॉर्निशनं तपकिरी झालेली बोटं तेवढी होती.

एका परदेशी कारखान्याला वाइंडर, म्हणजे मोटारीत तार भरणारे कारागीर, हवे होते. मुलं मार्गी लागली होती. मावशीनं जायचं मनावर घेतलं, तेव्हा काका म्हणाले, “जा तू. घर मी बघतो. चहा येतो मला.”

एजंटानं अर्जावर ‘मदतनीस’ असं लिहिलं आणि मोकळा झाला. कागद नाही म्हटल्यावर हेच बसतं, असं त्याचं म्हणणं. महिन्याभरात अर्ज परत आला. मदतनीस नको होते.

मी तेव्हा एका ऑफिसात टायपिंग करायचे. त्या देशाची व्यवसायांची यादी मी शोधून काढली. प्रत्येक व्यवसायाला क्रमांक होता आणि खाली त्यात काय काय कामं येतात ते लिहिलं होतं. रविवारी दुपारी वर्कशॉपात स्टुलावर बसून मी वाचू लागले.

“जुनी कॉइल काढून वेढे मोजणे.”

“रोजचंच आहे.”

“इन्सुलेशन तपासणे.”

“त्याशिवाय मोटार दाराबाहेर जात नाही माझी.”

“उच्च दाबाच्या पॅनेलची जोडणी.”

मावशीनं हातातली तार खाली ठेवली. “ते मी केलेलं नाही. लिहू नकोस.”

“एवढ्या एका ओळीनं काय बिघडतंय?”

“उद्या त्यांनी पॅनेलसमोर उभं केलं तर तू येणार आहेस का?”

ती ओळ मी सोडली. बाकीच्या अकरा कामांपुढे कोणत्या मोटारी, कोणाच्या, किती वर्षं, हे तिच्या शब्दांत लिहिलं. जुन्या गिऱ्हाइकांकडून पत्रं आणली. लिफ्टवाल्यानं तर दोन पानं भरून दिली.

या वेळी तिला चाचणीला बोलावलं. परीक्षकानं टेबलावर एक मोटार ठेवली आणि सोबत माहितीचं कार्ड दिलं. कार्डावर लिहिलं होतं, प्रत्येक कॉइलला चव्वेचाळीस वेढे. मावशीनं जुनी कॉइल कापली, तारेची टोकं मोजली, पुन्हा मोजली.

“साहेब, सेहेचाळीस आहेत.”

“कार्डाप्रमाणे करा, बाई.”

“कार्डाप्रमाणे केली तर ही तापेल. मी भरलेली मोटार तापत नाही.”

परीक्षकानं दुसरी कॉइल स्वतः कापली. खिडकीजवळ जाऊन मोजत बसला. सेहेचाळीसच निघाले. त्यानं कार्डावरचा आकडा खोडला, दुरुस्त केला आणि म्हणाला, “करा तुमच्या पद्धतीनं.”

संध्याकाळी मोटार सुरू झाली. अर्ध्या तासानं त्यानं मोटारीवर तळहात ठेवला आणि तसाच राहू दिला.

निकालाचं पत्र काकांनी मला फोनवर वाचून दाखवलं. व्यवसायाचा क्रमांक, पुढे ‘मोटार वाइंडर, कुशल’. तो क्रमांक त्यांनी दोनदा वाचला. मागून मावशीचा आवाज येत होता, “अहो, पुरे आता, तिला ऑफिसात काम असेल.” पण फोन काही ती त्यांच्या हातातून घेत नव्हती.