दोन किलो कांदे, अठरा कपडे

लाँड्रीवाल्या काकूंना सगळी गल्ली कडक काकू म्हणायची. कॉलरची खळ कडक, जीभ त्याहून कडक. नवरा गेल्यापासून तेवीस वर्षं दुकान त्यांनी एकटीनं चालवलं होतं, आणि नुसती इस्त्री मारलेला शर्ट 'धुतला' म्हणून कुणाच्या गळ्यात मारला नव्हता. एकदा मारला होता, पण तो दिराचा होता.

त्यांची सून वीगन होती. मांस-मासे सोडाच, तिला दूध, लोणी, चीज, मधसुद्धा चालत नसे. ही बाई हवेवर जगते आणि तरी अंगानं भरते कशी, असा काकूंचा सवाल होता, आणि तो त्या तिच्या तोंडावर विचारायच्या. तिनं वाढदिवसाला स्लो कुकर दिला, तेव्हा आपण मंद झालोय असं हिला सुचवायचंय, असं ठरवून काकूंनी तो कपाटावर चढवला.

मग मुलगा कामासाठी बाहेरगावी गेला, त्या दोघांच्या घरात नळांचं काम निघालं, आणि सून दहा दिवसांसाठी सासूकडे आली. चार दिवस तिनं उकडलेले बटाटे निमूट खाल्ले. भांडण काकूंना चाललं असतं, हा निमूटपणा सोसवेना. शनिवारी त्यांनी कुकर खाली काढला. सोबतच्या पुस्तिकेत फ्रेंच कांद्याचं सूप होतं. लोण्याच्या जागी तेल, मटणाच्या रश्शाच्या जागी वाळलेल्या मशरूमचं पाणी, वरच्या पावावर चीजऐवजी वाटलेले काजू, एवढी अदलाबदल काकूंनी स्वतःच ठरवली. कांदे मात्र दहा तास शिजायला हवे होते, सून दिवसभर कामावर, आणि विजेची वस्तू रिकाम्या घरात सोडायची त्यांची तयारी नव्हती. म्हणून कुकर दुकानात आला आणि तयार कपड्यांच्या दांडीखाली बसला.

दुपारी झाकण उघडलं, तर कांदे पांढरेफटक, केविलवाणे. डब्यात स्वतःच्या पावासाठी आणलेलं लोणी होतं. चमचाभर टाकलं तर कुणाच्या बापाला कळणार होतं? काकूंनी चमचा भरलाही. तो हातात धरून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. शेवटी सुनेला दोन शिव्या घालून त्यांनी ते लोणी आपल्या पावाला फासलं. संध्याकाळपर्यंत कांदे आपसूक तांबूस झाले.

जेवताना सून लोण्याबद्दल विचारणार हे काकूंनी धरलंच होतं. 'सासूला चोर समजतेस का' इथून सुरू होणारं भाषण तयार होतं. पण सुनेनं काही विचारलं नाही. मीठ जरा जास्त झालंय म्हणाली आणि दोन वाडगे संपवले. भाषण वाया गेल्यामुळे काकूंना झोप लागायला उशीर झाला.

सोमवारी वकील आले. कोर्टात त्यांचा काळा कोट कांद्याच्या वासानं एवढा घमघमत होता, की न्यायाधीशांनी साडेअकरालाच जेवणाची सुट्टी केली होती. मग नर्सबाई आल्या, मग बँकेचे साहेब. शनिवारी गेलेले अठरा कपडे एकेक करून परत आले.

काकूंनी चूक कबूल केली, पण अशा सुरात की गिऱ्हाईकांनीच माफी मागितली. सगळं फुकट पुन्हा धुवायचं ठरलं. सून रजा काढून दुकानात आली. कोट वाळत घालताना काकूंना राहवलं नाही.

"त्या सुपात लोणी आहे का, ते का नाही विचारलंस?"

"तुम्ही मला जे बोलायचं ते तोंडावर बोलता, आई. चोरून काही करण्यातल्या नाही तुम्ही."

काकूंनी कोटाची बाही झटकली आणि चिमटे नीट लाव म्हणून सुनेला झापलं.

गुरुवारी मुलगा परतला. चादरीची घडी तीन पदरी की चार, यावर दोघी तावातावानं भांडत होत्या. त्यानं मध्ये पडून काहीतरी सुचवलं, तेव्हा दोघींनी मिळून त्यालाच फैलावर घेतलं.