पोंकाच्या भट्टीवरचं भरीत

रमीलाबेन. हे नाव आधी लिहिते, मग बाकीचं. सातवीत शाळा सुटलेली बाई मी. लिहिताना भरकटले तर त्यांचं नाव तरी राहून जायला नको.

दोंडाईचाहून गाडीत बसले तेव्हा मांडीवर माझी लेक परी आणि पायाशी पोतं. पोत्यात बाबांच्या मळ्यातली भरताची हिरवी वांगी. परी पाच वर्षांची, तेव्हा अजून उभी राहत नव्हती. सुरतेला लिंबायतमध्ये, माझ्या नणंदेच्या गल्लीत, अशा मुलांच्या व्यायामाचा वर्ग आहे, म्हणून थंडीत आम्ही तिथेच राहतो. यंदा शिकवणाऱ्या ताईंचा पगार थकला, वर्ग बंद पडायला आला. आम्ही आयांनी ठरवलं, भरीत पार्टी करू. ताटामागे ज्याला जमेल ते त्याने वर्गाला द्यावं. गल्ली सगळी लूमवर राबणाऱ्या खानदेशी माणसांची. गावच्या भरताला कोण नाही म्हणेल?

नवापूर गेलं तरी माझा हात पोत्यावरच. समोरचे काका म्हणाले, "वांगीच ना ताई? का खाली सोनं दडवलंय?"

सुरतेजवळ उधन्याला उतरून नणंदेचं घर गाठलं. वंदनाने, माझ्या नणंदेने, पोतं उघडलं आणि कपाळाला हात लावला. "वहिनी, वांगा त लई उनीस, पन भाजशी कसावर?" (वांगी तर आणलीस, पण भाजणार कशावर?)

भरताची वांगी भाजायची ती पऱ्हाट्यांवर, कपाशीच्या वाळक्या काड्यांवर. गावी बांधावर लोळत असतात, त्या बरोबर घ्यायचं कुणाला सुचतं? इथं अख्खं शहर कापड विणतं, आणि कपाशीची एक काडी मिळेना. गॅसवर एक वांगं भाजून पाहिलं. वंदना चाखून म्हणाली, "ही तर भाजी झाली."

तिचे यजमान रिक्षा चालवतात. ते आम्हाला तापीकाठी घेऊन गेले. तिथं पोंकाच्या (कोवळ्या ज्वारीच्या हुरड्याच्या) भट्ट्या. ऐन हंगाम, त्यात आम्हाला भट्टी हवी रविवारी, त्यांच्या गर्दीच्या दिवशी. पहिल्या दोघांनी हात जोडले. तिसरी भट्टी रमीलाबेनची. त्यांनी माझ्या कडेवरच्या परीचे पाय पाहिले, सगळं विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "रविवारे पोंक नहीं वेचुं. भट्ठी तमारी." (रविवारी पोंक विकणार नाही. भट्टी तुमची.)

रविवारी तापल्या राखेत वांगी फुटली आणि तो वास आला. मळ्यात शेकोटी, बांधावर टाकलेलं माझं दप्तर, मिरच्या ठेचणारी आई. माझा हात थांबला तशी वंदनाने कोपर मारलं, "रडू नको, भरीत खारट होईल."

भरीत गल्लीत आणलं आणि रांग लागली. रात्रपाळी करून आलेले एक म्हातारे बाबा ताट संपवून म्हणाले, "बेटी, घर जाई उनू मी." (घरी जाऊन आलो मी.) रमीलाबेननीही खाल्लं. तिखटाने कान लाल, डोळ्यांत पाणी, तरी ताट पुसून.

उन्हाळ्यापर्यंत वर्ग चालेल एवढं जमलं. तुमचे उपकार कसे फेडू, रमीलाबेनना विचारलं, तर म्हणाल्या, "चालती थाय त्यारे लई आवजे." (चालायला लागली की घेऊन ये.)

थंडी सरली. आता परतीच्या गाडीत परी खिडकीचे गज धरून उभी आहे. पाय थरथरतात, पण उभी आहे. मी तिच्या पाठीमागे नुसते हात धरलेत, टेकवले नाहीत. रमीलाबेन, एका पोंकाच्या हंगामात मी येईन. माझ्या डोक्यावर पऱ्हाट्यांचा भारा असेल, आणि परी पुढे चालत असेल.